‘ट्रायफल्स’मधली मिनी राइट : खुनाचा हेतू लिहिताना या चुका टाळा

सुझन ग्लास्पेल यांची ‘ट्रायफल्स’ ही १९१६ सालची एकांकिका अभ्यासाला असली, की ‘मिनीने नवऱ्याचा खून का केला?’ हा प्रश्न हमखास येतो. नाटकात मिनी दिसतच नाही : नवरा जॉन राइट गळ्याला दोर लागून मेलेला सापडलाय, ती तुरुंगात आहे, आणि तिच्या स्वयंपाकघरात आलेल्या दोन बायका, शेजारीण मिसेस हेल आणि शेरीफची बायको मिसेस पीटर्स, तिथल्या किरकोळ वस्तूंतून काय घडलं ते जुळवतात. उत्तरंही ठरलेली : नवऱ्याने तिचा पक्षी मारला, म्हणून तिने नवऱ्याला मारलं. गुण मिळतात, पण नाटक निसटतं.

सगळ्यात मोठी चूक हीच, सगळा हेतू त्या मेलेल्या कॅनरीवर लादायची. पक्षी ही ठिणगी. मिसेस हेल सांगते की एक माणूस गेल्या वर्षी स्वस्तात कॅनरी विकत फिरत होता, म्हणजे पक्षी या घरात असून असून वर्षभर असणार. त्याआधीची सगळी वर्षं कुठे गेली? रस्ताही दिसत नाही अशा खोलगट जागेतलं घर, मूलबाळ नाही, नवरा दिवसभर कामावर आणि घरी आला तरी सोबत नाही. लग्नाआधी चर्चमध्ये गाणारी, निळ्या फितींचा पांढरा पोशाख घालणारी मिनी फॉस्टर या घरात मुकी होत गेली. हेतू या वर्षांमध्ये शोधा.

टेलिफोनचा उल्लेख गाळू नका. मिसेस हेलचा नवरा लुईस हेल खून उघडकीस येतो त्या सकाळी राइटच्या घरी जातो तोच मुळी त्याला सामायिक टेलिफोन घ्यायला राजी करायला. राइटने आधी नकार दिलेला असतो : लोक तसंही फार बोलतात, मला शांतता हवी. बायकोसमोर विषय काढला तर जमेल, असं हेलला वाटतं; पण बायकोला काय हवं याने जॉनला फारसा फरक पडत असेल असंही त्याला वाटत नाही. एकटेपणाचा इतका थेट पुरावा नाटकाच्या सुरुवातीलाच आहे, आणि आपण मात्र पिंजऱ्यापाशी पोचायच्या घाईत असतो.

जॉन राइटला दारुडा, मारकुटा करून टाकणं हीही नेहमीची चूक. संहितेत तसं काहीच नाही. तो पीत नाही, शब्द पाळतो, देणी चुकवतो. पण त्याच्यासोबत दिवस काढणं म्हणजे हाडांपर्यंत पोचणारा बोचरा वारा, असं मिसेस हेल म्हणते. त्याला खलनायक केलं की नाटक सोपं होतं, आणि माझ्या मते निम्मं मरतं.

‘जॉनने पक्ष्याची मान मुरगळली’ हे वाक्यही जपून लिहा. मिसेस पीटर्स स्वतःच म्हणते, पक्षी कुणी मारला हे आपल्याला माहीत नाही. पिंजऱ्याचं मोडलेलं दार, रेशमात गुंडाळून डबीत ठेवलेला मुरगळल्या मानेचा पक्षी आणि घरात बंदूक असताना गळ्याला लावलेला दोर यांची सांगड बायका घालतात. तो अंदाज आहे, फार पटणारा अंदाज. उत्तरात तसंच म्हणा.

मिनीच्या अर्धवट गोधडीचा प्रसंग नीट वाचा. सगळे टाके सुबक, एकाच तुकड्यावर वेडेवाकडे, म्हणजे शिवणारीचं मन ढळलेलं. मिसेस हेल ते उसवून नीट घालायला बसते. पक्षी अजून सापडलेलाही नाही, आणि पुरावा पुसायला सुरुवात झालेली आहे! त्यामुळे ‘पक्षी पाहून बायकांचं मन बदललं’ हे अर्धंच खरं. मिसेस पीटर्सचा प्रवास मात्र खरंच पुढे होतो. लहानपणी कुऱ्हाडीने मारलेलं मांजराचं पिल्लू, डाकोटात दोन वर्षांचं मूल गेल्यावर रिकामं झालेलं घर... तिला ती निःशब्दता ठाऊक आहे. या दोन आठवणी सोडल्या तर ती डबी लपवायला का धजते, याचं उत्तर देता येत नाही.

एकटेपणाचा सगळा दोष नवऱ्यावर टाकलात तर मिसेस हेल हातून सुटते. ती शेजारीण असून वर्षभर इकडे फिरकलेली नाही, आणि हाच खरा गुन्हा, असं ती स्वतःलाच सुनावते.

खऱ्या खटल्याची सरमिसळही टाळा. आयोवात डिसेंबर १९०० मध्ये जॉन हॉसॅकचा खून झाला, त्याच्या पत्नीवरच्या खटल्याच्या बातम्या ग्लास्पेल यांनी दिल्या होत्या. पण तिथे हत्यार कुऱ्हाड होतं आणि घर मुलाबाळांचं होतं. दोर, पक्षी, रिकामं घर ही लेखिकेची निवड.

आणि बसवणाऱ्यांसाठी : मिनीला फ्लॅशबॅकमध्येही रंगमंचावर आणू नका. ती दिसली की प्रेक्षक तिचा चेहरा वाचतात, स्वयंपाकघर वाचायचं सोडून देतात.