जुने इंद्रजाल कॉमिक्स: ओळखा, तपासा, टिकवा

इंद्रजालमध्ये आपण वाचलेला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, पूर्ण वेताळ नव्हे. ली फॉकची ही चित्रपट्टी अमेरिकी वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ला सुरू झाली. एकेक कथा रोज तीन-चार चौकटी अशी कित्येक आठवडे चाले. मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मुंबईत इंद्रजाल काढलं, तेव्हा ती कथा ठरावीक पानांत बसवण्यासाठी चौकटी गाळाव्या लागल्या, काही आडव्या-उभ्या कापाव्या लागल्या. म्हणून जुना अंक मिळवणं हे निम्मं काम. त्यामागची मूळ कथा शोधणं हे उरलेलं निम्मं, आणि खरी मजा त्यातच आहे.

सुरुवात अंक ओळखण्यापासून करा. पहिले ३२ अंक केवळ वेताळचे. मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर ही मंडळी नंतर आली. मासिक १९६७मध्ये पाक्षिक झालं, १९८१मध्ये साप्ताहिक, आणि १९९०मध्ये बंद पडलं. साधारण १९८३पर्यंत सलग क्रमांक आहेत, पुढे ‘खंड २०, अंक १’ अशी पद्धत सुरू होते. यादी करताना दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा, नाहीतर खंडातला अंक ५ आणि सलग क्रमांक ५ यांची हमखास गल्लत होते. मुखपृष्ठ फाटलेलं असेल तर क्रमांकाचा नाद सोडून कथेवरून जुळवा.

मूळ कथा शोधायला दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली चित्रकाराची. रे मूरचा वेताळ गडद सावल्यांतला, ब्रशने काढलेला. विल्सन मॅकॉयच्या रेषा सरळ-सोप्या, पार्श्वभूमी रिकामी, माणसं थोडी ताठ. त्याचं काम १९६१पर्यंत. त्यानंतरचा साय बॅरी बारकाव्यांचा आणि भरगच्च शाईचा. एवढ्यावरून कथेचा साधारण काळ कळतो. दुसरी खूण नावांची. इंद्रजालने भारतीय वाचकांना खटकेल ते बदललं होतं: बंगाला देशाचं डेंकाली झालं, सिंग चाच्यांचे सिंगा चाचे झाले. इंग्रजी पुनर्मुद्रणांत डेंकाली शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. मूळ इंग्रजी नावं घालून शोधा. मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा. वेताळ एका चौकटीत गुहेत आणि पुढच्याच चौकटीत जहाजावर दिसतो, त्या जागी बहुधा कात्री चाललेली असते.

पैसे मोजकेच असतील तर आधी बहादूर घ्या. आबिद सुरतींनी १९७६मध्ये इंद्रजालसाठीच रचलेला हा नायक. वेताळ-मॅन्ड्रेकची मूळ पट्टी इतरत्र मिळते. बहादूरला मागे कुठली वर्तमानपत्री पट्टीच नाही, इंद्रजाल हाच त्याचा मूळ छापा. बाजारात मात्र लोक वेताळच्या मागे असतात, हे आपल्या पथ्यावर पडतं.

रद्दीवाला, मुंबईतल्या फ्लोरा फाउंटनचा फूटपाथ, बंद पडणारी वाचनालयं, कुठूनही घ्या, पण पैसे देण्याआधी पानं मोजा. अंक मधोमध उघडून पिनांजवळच्या समोरासमोरच्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज करा. १६ आणि १७ असतील तर ३३. प्रत्येक कागदावरच्या जोडपानांची बेरीज तेवढीच येते. म्हणजे ५ नंबरचं पान गायब असेल तर २८ही गेलेलं असणार. ते जागेवर दिसलं तर कोणीतरी एकच पान फाडलंय. मधला कागद पिनांतून सर्वात आधी सुटतो, तो आवर्जून पाहा. वाचनालयांनी बांधून घेतलेल्या खंडांत मुखपृष्ठं बऱ्याचदा काढलेली आणि कडा कातरलेल्या असतात. वाचायला उत्तम, संग्रहाच्या भावाने घेऊ नयेत. इंकजेटवर काढलेली रंगीत नक्कल ओळखायची तर दहापट भिंग लावा. ऑफसेट छपाईत ठिपके ओळीने, ठरावीक अंतरावर दिसतात, इंकजेटमध्ये विस्कटलेले. ऑनलाइन घेताना मधल्या पानांचा आणि पिनांचा फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला की उत्तर मिळालंच.

घरी आणलेला अंक लगेच कपाटात ठेवू नका. कसर असेल तर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका. घाई केली तर गार कागदावर दव धरतं. गंजलेल्या पिना ओढू नयेत. आतल्या बाजूने पातळ पात्याने पाय सरळ करून काढाव्यात आणि जुन्याच भोकांतून सुती दोरा घालावा. चिकटपट्टी तर नकोच: तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, मग निघत नाही. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरा. लॅमिनेशन केलेला अंक कायमचा गेलाच म्हणून समजा.

या स्वस्त कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं. उजेडात तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून अंक उभे ठेवा. पीव्हीसीचं कव्हर कागदाला चिकटतं, शाई ओढतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवंच, आणि त्याचा रंग बदलला की ते बदलायलाही हवं.

स्कॅन करायचं तर नुसतं वाचायला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरतं, जपून ठेवायला ६००. पानामागे काळा कागद ठेवा, म्हणजे मागच्या पानाची छपाई उमटत नाही. ठिपके पुसणारी सोय मूळ स्कॅनवर वापरू नका, रेषाही मऊ होतात. ती प्रतीवर वापरा. हे स्कॅन स्वतःच्या वाचनापुरतेच ठेवा: कॉमिक्स बंद पडलं म्हणून वेताळवरचे हक्क संपलेले नाहीत.