कॉक्लिअर इम्प्लांटनंतर तोल जातो? या चुका टाळा

ऐकू यावं म्हणून कानाच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट हे यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया केली आणि घरी आल्यावर माणूस भिंत धरून चालतो, हे पाहून घरचे घाबरतात. कारण साधं आहे. ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणारे भाग, म्हणजे तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन पिशव्या, अंतर्कर्णात एकमेकांना लागूनच असतात. इम्प्लांटची बारीक तार (इलेक्ट्रोड) शंखात सरकवताना शेजारच्या पिशवीला धक्का बसू शकतो. बहुतेकांची चक्कर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरते. ती लांबते तेव्हा बऱ्याचदा आपलाच हातभार लागलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'पडून राहा, मान हलवू नको' हा प्रेमळ सल्ला. पहिले एक-दोन दिवस ठीक आहे. पण मेंदू तोलाची माहिती अंतर्कर्ण, डोळे आणि पाय-सांधे अशा तिन्हींकडून घेतो. कानाकडची माहिती बिघडली की त्याला नव्याने जमवून घ्यावं लागतं, आणि ते हालचालीतूनच जमतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एका तारखेवर नजर रोखून मान हळू डावी-उजवी करावी, अंगणात फेऱ्या माराव्यात. थोडं गरगरलं तर ते अपेक्षितच आहे. मात्र नाक जोरात शिंकरणं आणि वाकून जड घागर उचलणं सध्या नको.

चक्करेच्या गोळ्या महिनोन्महिने चालू ठेवणं ही दुसरी चूक. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन मळमळ थांबवतात खरं, पण मेंदूच्या या शिकण्यालाही लगाम घालतात. आणि अंथरुणात कुशीवर वळताना काही सेकंदच घर फिरत असेल, तर प्रकरण वेगळं असू शकतं. कानातले सूक्ष्म कण जागचे सुटले की असं होतं. त्यावर गोळी नव्हे, डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याचा इलाज डॉक्टर करतात.

न्हाणीघराकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, खाली ओली फरशी, आणि प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचं बाहेरून लावायचं यंत्र, काढून ठेवलेला. तोलाचे दोन आधार एकदम गेले, वर हाकही ऐकू येत नाही. स्टूलवर बसून अंघोळ करा, म्हातारपणाचं लक्षण वाटलं तरी. पावसाळ्यात रात्री वीज जाते, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. उशाशी टॉर्च हवीच.

गोव्यातल्या चोडण बेटाच्या फेरीबोटीत खालच्या पाण्याकडे पाहू नका. पाणी सरकतं, डोळे मेंदूला चुकीचं सांगतात. कठडा धरून पलीकडच्या काठावर नजर ठेवा, आणि उतरताना गाड्या आधी जाऊ द्या.

एकाच कानात इम्प्लांट असेल तर आवाजाची दिशा कळणं अवघड, कारण ती दोन कानांतल्या वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून कळते. म्हापशाच्या बाजारात मागून स्कूटरचा हॉर्न आला तर अंदाजाने बाजूला उडी मारू नका. थांबा, वळून पाहा.

समुद्राबाबत मी कडकच आहे. जलरोधक कव्हर यंत्र वाचवतं, माणसाला नाही. गढूळ पाण्यात डोळे आणि पाय दोन्ही निरुपयोगी ठरतात. दोन्ही कानांचं तोलाचं कार्य कमजोर असेल तर वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. तपासणी होईपर्यंत गुडघाभर पाणी पुरे.

प्रोसेसर लावला की दर वेळी गरगरत असेल तर तो काढून कपाटात ठेवू नका, ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) मॅपिंग, म्हणजे प्रोसेसरची तुमच्यासाठी केलेली जुळणी, तपासून घ्या. पण तापासोबत मान आखडली, डोकं असह्य दुखलं, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव आला किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर शस्त्रक्रिया मुंबईला झाली असली तरी उद्यावर ढकलू नका. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) कॅज्युअल्टीत किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात जा. इम्प्लांटचं कार्ड सोबत न्या आणि एमआरआयचं नाव निघालं तर ते आधी दाखवा.