पश्चिम हिमालयातील सूचिपर्णी वृक्ष कसे ओळखावेत

हिमाचल किंवा उत्तराखंडात फिरताना सुईसारख्या पानांचे प्रत्येक उंच झाड देवदारच असावे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याच उतारांवर देवदाराखेरीज चीड, कैल, राई, तोश, सुरई आणि थुनेर हेही वाढतात. वय, वारा, बर्फाचा भार आणि चाऱ्यासाठी होणारी फांद्यांची तोड यांमुळे झाडाचा दुरून दिसणारा आकार बदलत असल्याने निव्वळ त्यावर विसंबू नये. सुरुवात हाताशी येणाऱ्या डहाळीपासून करावी आणि साल, शंकू (बिया धरणारी खवल्यांची बोंडे) व जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची यांचा उपयोग पडताळ्यासाठी करावा.

पहिल्यांदा सुया डहाळीला कशा जोडलेल्या आहेत, ते पाहावे. सुया तळाशी एकत्र बांधल्यासारख्या जुडीने येत असतील, तर झाड पाइन वर्गातले आहे. आता जुडीतल्या सुया मोजाव्यात. एखादी गळलेली असू शकते, म्हणून चार-पाच जुड्या तरी तपासाव्यात. जुडीत तीन सुया असून त्या वीतभर किंवा त्याहून लांब असतील, तर तो चीड होय. पाच सुया, निळसर छटेच्या, नाजूक आणि खाली लोंबणाऱ्या असतील, तर तो कैल. सुया तीनच, पण आखूड आणि ताठ असतील, तर चिलगोजा असण्याची शक्यता आहे. मात्र हे झाड किन्नौरसारख्या कोरड्या भागातच भेटते आणि त्याची पातळ साल पापुद्र्यांनी सुटून खोडावर रुपेरी-हिरवट चट्टे दिसतात, त्यामुळे शंका फार वेळ राहत नाही.

देवदाराच्या सुया दोन ते पाच सेंटिमीटर लांब असतात आणि जुन्या डहाळीवरच्या आखूड खुंट्यांवर वीस-तीसच्या झुबक्यांनी फुटतात. मात्र त्याच झाडाच्या कोवळ्या, लांब वाढणाऱ्या शेंड्यांवर सुया एकेकट्या असतात, म्हणून फक्त टोक पाहून निर्णय घेऊ नये. नजर थोडी मागे, जुन्या लाकडाकडे न्यावी.

सर्वांत जास्त गफलत होते ती राई आणि तोश यांच्यात, म्हणजे स्प्रूस आणि फर यांच्यात. दोघांच्याही सुया एकेकट्या असतात आणि दोघेही साधारण २,४०० मीटरच्या वर शेजारी शेजारी उभे असतात. इथे एक सुई तोडून अंगठा आणि तर्जनी यांच्यात फिरवून पाहावी. राईची सुई चौकोनी असल्याने सहज फिरते आणि तिचे टोक बोटाला टोचते. तोशाची सुई चपटी असल्याने फिरत नाही, तिच्या टोकाला बारीक खाच असते आणि पाठीमागे दोन फिकट पट्टे असतात. त्यानंतर सुया गळून गेलेल्या डहाळीवरून बोट फिरवावे. राईच्या डहाळीवर प्रत्येक सुईच्या जागी लाकडी खुंटी मागे राहते, त्यामुळे ती कानशीसारखी खरखरीत लागते. तोशाच्या डहाळीवर फक्त गोल, सपाट वण उरतो. माझ्या मते हा स्पर्शाचा पुरावा शंकूपेक्षाही भरवशाचा आहे, कारण शंकू प्रत्येक वर्षी आणि प्रत्येक झाडावर नसतात.

शंकू दिसलेच, तर ते फांदीवर उभे आहेत की लोंबतात, ते आधी पाहावे. देवदार आणि तोश यांचे शंकू उभे असतात आणि पिकल्यावर झाडावरच खवल्याखवल्याने सुटतात; तोशाचे कोवळे शंकू गर्द जांभळे असतात. त्यामुळे या झाडांखाली सुटे खवले सापडतात, पक्व आणि अखंड शंकू सहसा सापडत नाही. देवदाराच्या शंकूचा शेंडा तेवढा अनेकदा एकसंध गळून पडतो. राई आणि कैल यांचे शंकू खाली लोंबतात आणि अखंड गळतात. कैलाचा शंकू लांब, दंडगोल आणि राळेने चिकट असतो, तर चिडाचा जड, अंडाकृती आणि जाड लाकडी खवल्यांचा असतो.

साल सर्वांत बोलकी आहे ती चिडाची. ती जाड, तांबूस आणि खोल भेगांनी मोठमोठ्या तुकड्यांत विभागलेली असते व जमिनीलगतच्या वणव्यापासून खोडाला वाचवते, त्यामुळे बुंध्याशी काळवंडलेली झाडे वर हिरवी दिसतात. ‘लीसा’ म्हणजे राळ गोळा करण्यासाठी पाडलेल्या खाचाही याच झाडावर अनेक ठिकाणी आढळतात. इतरांच्या सालीवरून, विशेषतः कोवळ्या वयात, ठाम निष्कर्ष काढू नये.

शेवटी समुद्रसपाटीपासूनची उंची आणि उताराची दिशा ताडून पाहावी. साधारण ५०० ते २,००० मीटरपर्यंतच्या उन्हाच्या उतारांवर चीड असतो. त्याच्यावरच्या पट्ट्यात देवदार आणि कैल बरेचदा एकमेकांत मिसळलेले असतात. राई आणि तोश त्याहून थंड, ओलसर, बहुधा उत्तरेकडच्या उतारांवर वाढतात. या सीमा एकमेकींत शिरतात, म्हणून उंचीवरून पर्याय कमी करावेत, नाव मात्र डहाळी पाहूनच ठरवावे.

डहाळीवर सुयांऐवजी एकमेकांना चिकटलेले बारीक खवले आणि लहान गोल शंकू असतील, तर ती सुरई. नैनीतालच्या चुनखडीच्या उतारांवर ती सहज पाहायला मिळते. दाट सावलीत, मोठ्या झाडांखाली, दोन ओळींत पसरलेली चपटी पाने आणि शंकूऐवजी लाल मांसल पेल्यात बसलेली एकेक बी दिसली, तर तो थुनेर. त्याची पाने आणि बिया विषारी असल्याने लहान मुलांना ती फळे चाखू देऊ नयेत, आणि हे झाड आता दुर्मीळ झाले असल्याने ओळखीसाठी त्याची डहाळी न तोडता फक्त छायाचित्र घ्यावे.