केळी वेफर्सचा कारखाना टाकताय? आधी पाकिटाची पाठ वाचा

सावदा-रावेर पट्ट्यात वेफर्सचा धंदा काढायचा म्हटलं की बहुतेकजण शेजारच्या गावातल्या कारखान्याचा भाव विचारून येतात आणि तेवढ्यावर हिशेब मांडतात. खरा स्पर्धक किराणा दुकानात लटकलेला असतो: पाच रुपयांचं बटाटा चिप्सचं पाकीट. भुसावळ, फैजपूर, जळगावची चार-पाच दुकानं फिरा आणि पाकिटं उलटी करून वाचा. वजन किती, तेल कोणतं, पॅकिंग कधीचं. तारीख जुनी दिसली तर माल उठत नाही, हे दुकानदारानं न सांगताही कळतं. त्याला फक्त मार्जिन आणि उधारीचे दिवस विचारा.

कच्च्या मालाकडे मात्र जास्त लक्ष हवं. श्रावण-नवरात्रात उपासामुळे वेफर्सला मागणी येते, नेमका तेव्हाच पिकवून खायच्या केळीलाही उठाव असतो. बागायतदार चांगल्या भावाकडेच जाणार, म्हणून शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भावही वहीत टिपत चला. तेलाचं गणित तर दिल्लीत फिरतं: कच्च्या पामतेलावरचं मूळ आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के झालं, मे २०२५ मध्ये १० टक्क्यांवर आलं. दर ठरवताना दोन्ही शुल्कांनी हिशेब करून बघा.