येशूला माणूस म्हणून बघायचंय? मग रिमोट हातात ठेवा

दोन वर्षांपूर्वी गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी आम्ही चरईतल्या आमच्या हॉलमध्ये खिडकीला पांढरी चादर टांगली, नवऱ्याने ओळखीतून प्रोजेक्टर मागून आणला, आणि मी मोठ्या हौसेने मेल गिब्सनचा 2004 सालचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' लावला. नऊ माणसं होती. चाबकाचे फटके सुरू झाले तसे तिघं जण पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत, आईने पदर डोळ्यांवर घेतला तो शेवटपर्यंत काढला नाही. खालच्या मजल्यावरच्या आँटी मात्र पूर्ण बसल्या. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिक आहेत त्या, जन्म ठाण्यातलाच, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला वर्षानुवर्षं जातात. जाताना दारात चपला घालत म्हणाल्या, "जखमाच बघितल्या गं आपण. तो कुठे दिसला?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. मग मी एकटीने एकेक सिनेमा परत बघितला, थांबवून थांबवून, आणि त्यातून जी पद्धत बसली ती इथे लिहितेय. मी ख्रिश्चन नाही हे आधीच सांगते, कॉन्व्हेंटमध्ये शिकले तेवढाच संबंध.

सगळ्यात आधी मनातली धास्ती काढून टाका, की येशूला माणूस म्हणून बघणं म्हणजे कुणाच्या श्रद्धेचा अपमान वगैरे. चर्चची शिकवणच अशी आहे की तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, हे 451 साली चाल्सेडनच्या धर्मपरिषदेत ठरलेलं आहे, त्यामुळे 'देवच तो, त्याला कसली भीती वाटणार' असं म्हणणं हेच उलट त्यांच्या शिकवणीत बसत नाही. आँटींनी मला हे भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, मी नंतर वाचून खात्री केली.

आता पहिलं काम. सिनेमा लावायच्या आधी एक पान वाचा. फक्त एक. बायबलमध्ये येशूच्या आयुष्यावरची चार पुस्तकं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यातल्या मार्कच्या शुभवर्तमानातला चौदावा अध्याय, ओव्या 32 ते 42. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आहे, भाषा खरंच सुबोध आहे, पाच मिनिटांत होतं वाचून. प्रसंग असा की पकडले जायच्या रात्री येशू गेथशेमाने नावाच्या बागेत येतो, तीन जवळच्या मित्रांना म्हणतो जीव मरणाइतका कासावीस झालाय, इथे थांबा, जागे राहा. थोडं पुढे जाऊन जमिनीवर पडतो आणि बापाला, म्हणजे देवाला म्हणतो हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर. परत येऊन बघतो तर तिघं गाढ झोपलेले. असं तीनदा होतं. बस्स, एवढंच. चमत्कार नाही, प्रवचन नाही. घाबरलेला माणूस आहे आणि सोबतीला आणलेले मित्र घोरतायत, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रात्र काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

हेच पान का, तर येशूवरचा जवळपास प्रत्येक मोठा सिनेमा या बागेतून जातो आणि दिग्दर्शकाला इथे ठरवावंच लागतं की माणूस किती दाखवायचा. शिवाय चारही शुभवर्तमानांत ही रात्र सारखी नाहीये. लूक सांगतो की घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता आणि धीर द्यायला देवदूत आला. योहानाच्या शुभवर्तमानात बागेतली ही घालमेल नाहीच, तिथला येशू पकडायला आलेल्यांना स्वतःहून सामोरा जातो. सिनेमातल्या बागेत देवदूत आहे का, घाम कसा दाखवलाय एवढं बघितलं तरी दिग्दर्शकाने कुठलं पुस्तक उशाशी घेतलं होतं ते कळतं.

दुसरं, आख्खा सिनेमा लावू नका. मला माहितीये हे ऐकून सिनेमावाले चिडतील, पण पहिल्यांदा तरी नको. हा एकच सीन दोन सिनेमांतून शोधा आणि लागोपाठ बघा. मी हे दोन घेते:

नॉर्मन ज्युइसनचा 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार', 1973 चा, इस्राएलमध्ये शूट केलेला रॉक म्युझिकल. यातला येशू, म्हणजे टेड नीली, बागेतल्या खडकांवर चढत चढत चक्क भांडतो. मी का मरायचं, मेल्याने काय होणार, आधी कारण सांग, असा एकूण सूर. गाणं टिपेला जातं तेव्हा तो किंचाळतोच जवळजवळ. आमच्या आईला इंग्रजी फार कळत नाही, ती म्हणाली, "हा तुकोबांसारखा भांडतोय की गं देवाशी." मला वाटतं मराठी माणसाला या सीनचं दार इथूनच उघडतं. ज्या घरात प्रभातचा 1936 चा 'संत तुकाराम' बघितलाय त्यांना आवली आठवेल, घरात खायला नाही, पोर आजारी आणि नवरा अभंगात, तेव्हा ती थेट विठोबालाच शिव्या घालते. तुकारामांचं माणूसपण आपल्याला त्यांच्यापेक्षा आवलीमुळेच जास्त दिसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येशूच्या आईच्या, मरियेच्या वेळी लागणार आहे.

मग गिब्सनची बाग. सिनेमा सुरूच इथे होतो, निळसर चांदणं, धुकं, संवाद अरामी भाषेत. अभिनय उत्तम आहे, येशू झालेल्या जिम कॅविझेलचा श्वाससुद्धा थरथरतोय असं वाटतं. पण मग सैतान येतो, कुजबुजतो, साप सोडतो आणि येशू त्या सापाला टाचेखाली चिरडतो. इथे पॉज करा आणि सगळ्यांना विचारा, भीती वाढली की कमी झाली? माझं मत विचाराल तर कमी झाली. मार्कच्या पानावर तिथे शत्रू कुणी नाही, अंधार आहे आणि झोपलेले मित्र आहेत, भीती त्याची स्वतःची आहे. साप आला की ती बाहेरून आलेली होते आणि बाहेरून आलेल्या गोष्टीला लाथ मारता येते. आँटींना हे पटलं नाही बरं का, त्यांचं म्हणणं भीती ही सैतानाकडूनच येते, आणि यावर आमची अर्धा तास चर्चा झाली, चहा गार झाला.

आता पुढचं. आवाज बंद करून बघा. खरंच, म्यूट. हात आणि डोळे बघायचे फक्त. झेफिरेल्लीच्या 1977 च्या 'जीझस ऑफ नॅझरेथ'मध्ये (सहा तासांच्या वर आहे, टीव्हीसाठी केलेला) येशू झालेला रॉबर्ट पॉवेल पापणी जवळपास लववतच नाही, मुद्दाम केलंय ते. चेहरा सुंदर, पण पाच मिनिटांनी तुम्हाला जाणवतं की आपण भिंतीवरच्या तसबिरीकडे बघतोय. याच्या उलट टोक म्हणजे 1959 चा 'बेन-हर', त्यात येशूचा चेहरा दाखवलेलाच नाही, तो तहानलेल्या कैद्याला पाणी पाजतो आणि आपल्याला दिसतो तो पिणाऱ्याचा चेहरा. गंमत म्हणजे त्या पाण्यात मला माणूस जास्त दिसला.

आणि आता तो सीन ज्यासाठी मी गिब्सनला बरंचसं माफ केलंय. एक-दोन मिनिटांचाच फ्लॅशबॅक आहे. येशू सुतारकाम करतोय, अंगावर कामाचा कपडा, समोर एक उंचच उंच टेबल. मरिया येते, टेबल बघते, विचारते कुणासाठी? श्रीमंत माणसासाठी, तो म्हणतो. उभ्याने जेवतो का तो? नाही, खुर्च्या करायच्यात अजून. खुर्चीवर बसून टेबलावर जेवायचं ही कल्पना तिच्यासाठी नवीन, म्हणून तो हवेत बसून दाखवतो, तीही बसायला बघते आणि म्हणते हे काही चालायचं नाही. मग जेवायला येताना ती त्याला कामाचा कपडा काढायला लावते, हातावर पाणी घालते, तो तेच पाणी तिच्या तोंडावर उडवतो आणि गालाचा पापा घेतो. संपलं. चाबकाच्या एवढ्या लांबलचक सीनने जे झालं नाही ते या उंच टेबलाने होतं, कारण जखम कुणाचीही असू शकते, पण हा आगाऊपणा एका विशिष्ट पोराचा आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही हाच सीन आधी लावला, आणि मग थेट क्रूस वाहताना तो पडतो आणि मरियेला तो लहानपणी पडला होता ते आठवून ती धावते, तो सीन. या वेळी पाणी प्यायला कुणी उठलं नाही.

म्हणून मी सांगते, येशू सापडत नसेल तर त्याच्या आईकडे बघा. पासोलिनीचा 1964 चा 'द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू' याच कारणासाठी बघा. काळा-पांढरा, दक्षिण इटलीत शूट केलेला, नट जवळपास सगळे हौशी, संवाद मत्तयच्या शुभवर्तमानातले. दिग्दर्शक मार्क्सवादी आणि नास्तिक, सिनेमा अर्पण केलाय पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला. येशू झालाय एन्रिके इराझोकी हा 19 वर्षांचा स्पॅनिश विद्यार्थी, तो स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीविरुद्ध पाठिंबा मागायला इटलीत आला होता. त्यामुळे यातला येशू गोड बोलत नाही, घाईत असतो, चालता चालता मागे वळून बोलतो, मोर्च्यात पुढे चालणारी पोरं असतात ना तसा. आणि म्हातारी मरिया आहे पासोलिनीची सख्खी आई. तिचा धाकटा मुलगा ग्विदो 1945 मध्ये युद्धात मारला गेला होता. हे आधी सांगून ठेवायचं की सीन झाल्यावर, यावर मी खूप विचार केला, शेवटी आधीच सांगितलं. क्रुसाखाली ती कोसळते तेव्हा हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. यातला खटल्याचा सीनही चुकवू नका, कॅमेरा गर्दीत मागे उभा आहे, पुढच्यांच्या डोक्यांआडून जेवढं दिसेल तेवढंच दिसतं.

आपली एक अडचण मात्र वेगळी आहे. आपले डोळे पौराणिक सिनेमांवर तयार झालेत, डोक्यामागे चक्र फिरलं की हात जोडायचे. आणि याची सुरुवातही, गंमत बघा, येशूपासूनच झाली. 1911 मध्ये गिरगावातल्या अमेरिका-इंडिया थिएटरात दादासाहेब फाळक्यांनी येशूच्या आयुष्यावरचा मूकपट बघितला आणि पडद्यावर ख्रिस्त चाललेला असताना त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र राम आणि कृष्ण, त्यातूनच पुढे 1913 चा 'राजा हरिश्चंद्र'. तर आपण आपोआप चमत्काराची वाट बघत बसतो. उपाय सोपा आहे, पहिल्या खेपेला चमत्कार पुढे ढकला आणि त्याच्या अलीकडचं-पलीकडचं बघा. वादळ शांत करण्याआधी तो नावेत उशीवर झोपलेला असतो. मेलेल्या लाजरसला उठवण्याआधी रडतो. विहिरीपाशी दमून बसतो आणि परक्या बाईकडे पाणी मागतो. पुनरुत्थानानंतरसुद्धा किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासे भाजून मित्रांना न्याहारीला बोलावतो, त्यांतला पेत्र कोळीच होता शेवटी. दिग्दर्शकाने यातलं काय ठेवलंय आणि काय घाईत उरकलंय ते बघा.

स्कॉर्सेसीचा 1988 चा 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट' सगळ्यात शेवटी, आणि विचारून. यातला सुतार रोमनांसाठी क्रूस बनवून देतो, इथपासूनच धक्के आहेत. क्रुसावर असताना त्याला मोह होतो तो साधा संसाराचा, लग्न, पोरं, म्हातारपण. सुरुवातीलाच पाटी येते की हे शुभवर्तमानावर आधारलेलं नाही, कझान्झाकिस या ग्रीक लेखकाच्या कादंबरीवरून घेतलंय, ती पाटी मोठ्याने वाचून दाखवा. याच्यावरून पॅरिसमध्ये थिएटर पेटवलं होतं, माणसं जखमी झाली होती. मला स्वतःला तो शेवटचा अर्धा तास फार आवडतो, पण आँटींना मी तो लावू का विचारलं तर म्हणाल्या तू बघ, मी नाही. विषय तिथेच संपला, तुम्हीही संपवा.

बाकी किरकोळ. एका बैठकीला चाळीस मिनिटांच्या वर दाखवू नका. गिब्सनचा सिनेमा लहान मुलं घरात असताना नकोच. सबटायटल मोठी ठेवा, ज्येष्ठ मंडळी बोलत नाहीत पण त्यांना वाचता येत नसतं. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत बोलावत असाल तर उपवास कुणाला आहे विचारा, शुक्रवारी बरेच जण मटण-चिकन खात नाहीत, आम्ही साबुदाण्याची खिचडी करतो, दोन्हीकडच्या उपवासाला चालते. सीन झाल्यावर 'कसा वाटला' विचारू नका, 'आवडला' एवढंच उत्तर येतं. 'त्या जागी तुमच्या घरातलं कोण असतं तर काय केलं असतं' असं विचारा, मग बघा लोक कसे बोलायला लागतात.

आणि चादर. पंखा लावला की हलते आणि येशूचं नाक लांब होतं, पंखा बंद केला तर ठाण्याच्या एप्रिलमध्ये माणसं उकडून निघतात. यंदा खालच्या काठाला कपडे वाळत घालायच्या क्लिपा आणि दोन वरवंटे बांधणार आहोत, एक आमचा, एक आँटींचा.