सूर्यासारख्या ताऱ्यांची थरथर शोधताय? या चुका टाळा

मुंबईच्या आकाशात मंद तारे दिसायची बोंबच. पण केप्लर आणि टेस या अवकाश दुर्बिणींनी केलेली ताऱ्यांच्या प्रकाशाची मोजमापं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, अगदी भर पावसाळ्यातही. शहराला या विषयाचा वारसाही आहे: कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांनी सूर्याच्या दोलनांवरून, म्हणजे थरथरीवरून, त्याच्या अंतरंगाचा अभ्यास केला. प्रोजेक्टवाल्यांची गाडी अडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. दुर्बिणीच्या खोड्या ताऱ्याच्या नावावर खपवल्या जातात.

सर्वांत महागात पडते ती कॅडेन्सची, म्हणजे किती वेळाने एकदा मोजमाप होतं त्याची, चूक. सूर्याची मुख्य दोलनं साधारण 5 मिनिटांची असतात आणि केप्लरने बहुतेक तारे मोजले दर अर्ध्या तासाने. अर्ध्या तासाने एकदा फलाटावर डोकावणाऱ्याला दर पाच मिनिटांनी सुटणारी लोकल कशी कळणार? लाल राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या, ताऱ्यांची दोलनं संथ असल्यामुळे याच डेटात छान दिसतात, म्हणून फसगत होते. सूर्यासारख्या ताऱ्यासाठी केप्लरचा 1 मिनिटाचा किंवा टेसचा 20 सेकंदांचा, निदान 2 मिनिटांचा डेटा घ्या.

कोणत्या वारंवारतेचं दोलन किती जोरदार हे दाखवणाऱ्या आलेखात एकच सुईसारखं शिखर दिसलं की लगेच हुरळून जाऊ नका. पृष्ठभागाखालच्या खळबळीमुळे ही दोलनं उठतात आणि काही दिवसांत विरतात. एकेका दोलनाने प्रकाश दहा लाखांत जेमतेम काही भाग बदलतो. खऱ्या संकेतात एक बुटका फुगवटा आणि त्यात ठरावीक अंतरावर शिखरं असतात. सूर्यासाठी हे अंतर सुमारे 135 मायक्रोहर्ट्झ (हर्ट्झचा दहा लाखावा भाग). एकटं शिखर उपकरणाचं असू शकतं, नाहीतर शेजारच्या ताऱ्याचं. टेसचा एक पिक्सेल आकाशात 21 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग), त्यात शेजारी सहज घुसतात.

आता परिवलन. सूर्य विषुववृत्तावर सुमारे 25 दिवसांत एक फेरी घेतो आणि टेसचा एक सेक्टर, म्हणजे आकाशाच्या एका पट्ट्यावर सलग नजर, 27 दिवसांचा. म्हणजे ताऱ्यावरच्या डागांमुळे प्रकाशात होणारी घट धड दोनदाही दिसणार नाही. त्यात टेसची कक्षा 13.7 दिवसांची, त्यामुळे उत्तर 13-14 दिवस आलं तर आधी दुर्बिणीवर संशय घ्या. डाग दोन्ही बाजूंना असले तरी निम्माच काळ हाती लागतो. दुरुस्त केलेल्या डेटात संथ बदल पुसले गेलेले असतात, हेही तपासा. शेजारच्या ताऱ्यांतही तोच काळ सापडला तर विषय संपला, दोष दुर्बिणीचाच.

तारा फिरत असला की दोलनांची शिखरं जवळजवळच्या शिखरांत फाटतात. या फाटण्यावरून परिवलन काढायचं असेल तर चिकाटी हवी. सूर्यात ही फाट सुमारे 0.4 मायक्रोहर्ट्झ, आणि मुख्य शिखरांची रुंदीच 1च्या आसपास. एका सेक्टरच्या डेटात ते जमणारच नाही. शिवाय ताऱ्याचा ध्रुव आपल्याकडे असेल तर फाट दिसतच नाही.

हात बसवायला 16 सिग्नी ही सूर्यासारख्या दोन ताऱ्यांची जोडी घ्या. केप्लरच्या दीर्घ डेटातून दोघांचाही परिवलनकाळ साधारण 23 दिवस निघाला आहे; तुमचं उत्तर भलतंच आलं तर पद्धत कुठे घसरली ते शोधता येतं.