टाचदुखीसाठी ड्राय नीडलिंग करून घेताय? या चुका टाळा

पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. मग कपाट, भिंत, दाराची चौकट धरत मोरीपर्यंत जायचं. दहा-पंधरा पावलं झाली की जरा मोकळं वाटतं, आणि दुपारी जेवून उठलं की पुन्हा तीच कळ. प्लांटर फॅसिआयटिस हे नाव कधी न ऐकलेला पेशंटसुद्धा दुखणं इतकं नेमकं सांगतो की निम्मं निदान तिथेच होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हल्ली या वर्णनाच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, ते सुया टोचून करतात, ते तुम्ही करता का?"

दुखऱ्या स्नायूत बारीक सुई टोचण्याच्या या उपचाराला ड्राय नीडलिंग म्हणतात. मी ते करते, आणि त्याचा उपयोग होताना रोज बघते. पण सुया टोचून घेऊनही बरे न झालेले लोकही माझ्याकडे येतात. त्यांची हकिकत नीट ऐकली तर सुईच्या आधी आणि सुईच्या नंतर काहीतरी राहून गेलेलं असतं.

पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू आल्या होत्या. सकाळी सहापासून अकरापर्यंत तव्यासमोर उभ्या, पायाखाली गुळगुळीत लादी, पाय अनवाणी. दुसरीकडे तीन वेळा नीडलिंग झालं होतं. "आठ दिवस बरं वाटलं, मग होतं तिथेच," म्हणाल्या. सुया कुठे टोचल्या होत्या ते विचारल्यावर त्यांनी टाचेच्या आतल्या कडेचा एक ठिपका दाखवला. पोटरीला कोणी हात लावला होता का? नाही. त्यांना पालथं झोपवलं आणि पोटरीच्या खालच्या भागात, आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबत गेले. एका जागी दोरीसारखा ताठ पट्टा लागला. तिथे दाबताच त्यांनी पाय झटकला. "अगं बाई, दाबतेयस तिथे, आणि कळ टाचेत कशी गेली?"

टाच दुखते म्हणून सुई फक्त टाचेत

हीच सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तळपायाखाली टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो, तो प्लांटर फॅसिआ. चालताना टाच उचलली आणि बोटं मागे वळली की तो ताणला जातो आणि पायाची कमान धरून ठेवतो. पोटरीचे स्नायू आखडलेले असतील तर प्रत्येक पावलाला या पट्ट्यावर जास्त ताण येतो. शिवाय पोटरीतल्या सोलियस या खोल स्नायूत ट्रिगर पॉइंट, म्हणजे दाबल्यावर दुखणारी ताठ गाठ, तयार झाली तर तिचं दुखणं चक्क टाचेत जाणवतं. म्हणून नीडलिंग करताना पोटरीचे दोन्ही स्नायू आणि तळपायातले छोटे स्नायू तपासायलाच हवेत.

ड्राय म्हणजे कोरडं. या सुईतून कोणतंही औषध आत जात नाही. इंजेक्शनची सुई साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड आणि आतून पोकळ असते, ही ०.३० मिलिमीटरच्या आसपास आणि भरीव. ती गाठीत नेमकी गेली की स्नायू क्षणभर फडफडतो, पेशंट म्हणतात करंट बसल्यासारखं वाटलं. तळपायाची कातडी जाड आणि फार संवेदनशील असल्यामुळे तिथल्या स्नायूंकडे बहुतेक वेळा पायाच्या आतल्या कडेनं जातात. त्याच बाजूनं एक मोठी नस आणि रक्तवाहिनीही जाते. म्हणून शरीररचना पक्की माहीत असलेला हात हवा. महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडची नोंदणी आणि नीडलिंगचं वेगळं प्रशिक्षण, दोन्ही विचारा. विचारण्यात संकोच करू नका, आम्हाला राग येत नाही.

निदान न करताच सुई

टाच दुखण्याची कारणं बरीच आहेत. दोन्ही बाजूंनी टाच चिमटीत धरून दाबल्यावर कळवळायला होत असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. मुंग्या, जळजळ, रात्री बधिरपणा असेल तर नस दबली असण्याची शक्यता असते, आणि कधी ती घोट्याशी नाही तर कमरेतच दबलेली असते. वय पंचविशी-तिशीचं, दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा तास तरी आखडलेली असते, असा तरुण आला तर मी सुईचा डबा उघडतच नाही, संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवते.

एक्स-रेवर दिसणाऱ्या 'वाढलेल्या हाडा'बद्दलही सांगते, कारण त्या एका ओळीनं लोक फार घाबरतात. टाचेखालचं ते टोक टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांमध्ये सापडतं. नीडलिंगनं ते विरघळत नाही, आणि बरं व्हायला ते विरघळावं लागतही नाही.

सुई झाली, आता मी मोकळी

या चुकीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

नीडलिंगकडून किती अपेक्षा ठेवावी? ऑस्ट्रेलियात ८४ रुग्णांवर एक काळजीपूर्वक प्रयोग झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना आत न शिरणाऱ्या खोट्या सुया, आठवड्याला एकदा, सहा आठवडे. सकाळच्या पहिल्या पावलाचं दुखणं शंभराच्या मोजपट्टीवर खऱ्या सुयांच्या गटात सुमारे १४ अंकांनी जास्त कमी झालं. पण पेशंटला जाणवेल इतका फरक म्हणून संशोधकांनी धरलेली मर्यादा १९ ची होती. म्हणजे उपयोग आहे, पण एकट्या सुईवर टाच बरी होईल असं मानण्याइतका नाही. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१४ मध्ये नीडलिंगची शिफारस केली नव्हती, २०२३ च्या सुधारित आवृत्तीत ती केली. पुरावा वाढलाय, हे खरं. पण त्याच सूचनांमध्ये ताणाचे आणि ताकदीचे व्यायामही आहेत, आणि ते कोणी वगळायला सांगितलेलं नाही.

नावात 'आयटिस', म्हणजे सूज, असली तरी जुन्या टाचदुखीत नुसती सूज नसते. पट्ट्याच्या तंतूंची झीज झालेली असते. झिजलेल्या ऊतीला हळूहळू वाढवत नेलेला भार लागतो, तरच ती पुन्हा भार सोसायला शिकते. सुईमुळे दुखणं दोन-चार दिवस, कधी आठवडाभर मागे हटतं. तेवढ्या दिवसांत व्यायाम अंगवळणी पाडायचा असतो. काकूंचे ते आठ बरे दिवस पोळ्या लाटण्यात गेले होते. त्यांचा दोष नव्हता, कारण त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

मी दोनच व्यायाम देते, पण ते करून घेते.

पहिला पलंगावरून उतरण्याआधीचा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, पायाची बोटं हातात धरून नडगीकडे ओढायची. तळपायात ताठ झालेली दोरी दुसऱ्या हाताच्या बोटांना लागली पाहिजे, नाहीतर ताण पडलेला नाही असं समजा. दहा सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. सकाळचा ताण पाय जमिनीला लावायच्या आधीच झाला पाहिजे. चहा झाल्यावर सावकाश केला तर पहिल्या पावलाची कळ खाऊन झालेली असते.

दुसरा पायरीवरचा, ताकदीचा. पंचाची घट्ट गुंडाळी करून पायरीच्या कडेपासून जरा आत ठेवायची, त्यावर फक्त बोटं वर वळलेली राहतील असा चवडा कडेवर टेकवायचा, टाच हवेत. कठड्याला हात. तीन मोजत टाच वर न्यायची, वर दोन मोजेपर्यंत थांबायचं, तीन मोजत खाली यायचं. एका पायावर, बारा वेळा जेमतेम जमेल इतकं, एक दिवसाआड. पुढे पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन वजन वाढवायचं. डेन्मार्कमध्ये ४८ जणांवर हा व्यायाम आणि नुसता ताण यांची तुलना झाली, तीन महिन्यांनी ताकदीवाला गट पुढे होता. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच झाले, म्हणजे या व्यायामाचा फायदा लवकर बरं होण्यात आहे. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर मात्र वजन कमी करा.

काकू हा व्यायाम दुकानाच्या पायरीवर करायच्या, कणीक मुरत ठेवली की. पण त्यांचा खरा अडसर चपलेचा होता. "गॅससमोर चप्पल? नैवेद्याचा स्वयंपाक करते मी तिथे." त्यांचं म्हणणं मला पटलं. मग घराबाहेर कधीच न गेलेली, मऊ तळाची एक नवी सपाता फक्त ओट्यापुरती आणली आणि उभं राहायच्या जागी जाड रबरी चटई टाकली. नीडलिंग आणखी चार वेळा केलं, सगळं पोटरीत आणि तळपायाच्या स्नायूंत. पहिलं पाऊल भिंत न धरता टाकायला अकरा आठवडे लागले. टाचदुखी येतानाही मुंगीच्या पावलांनी येते आणि जातानाही. बहुतेकांची ऑपरेशनशिवाय, वर्षभराच्या आत जाते.

त्या दिवशीच्या चुका

उपाशीपोटी येऊ नका. चतुर्थी-एकादशीचा उपवास असेल तर दुसरी तारीख घ्या. सुई बघून आधीच घाबरलेला माणूस रिकाम्या पोटी असला की घेरी येते. म्हणूनच नीडलिंग झोपवूनच करायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, निकेलची ॲलर्जी असेल, पोटरी एका बाजूनं सुजून गरम झाली असेल, तर टेबलावर चढायच्या आधी सांगा. शेवटच्या बाबतीत शिरेत गुठळी असू शकते, तिथे सुई नाहीच, आधी डॉक्टर.

मधुमेह असेल तर पायाची संवेदना तपासून घेतल्याशिवाय कोणालाही सुई लावू देऊ नका. आणि याच लोकांना मी हात जोडून सांगते : तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायचा घरगुती उपाय करू नका. बधिर टाचेला चटका कळत नाही. भाजून फोड आलेली आणि महिनोन्महिने न भरलेली टाच मी पाहिली आहे.

नीडलिंगनंतर पोटरी एक-दोन दिवस ठणकते, कधी निळसर डाग पडतो. त्या ऑस्ट्रेलियन प्रयोगात दर तीन वेळांमागे साधारण एकदा अशी किरकोळ तक्रार आली होती. घाबरून पुढची वेळ रद्द करू नका. मात्र दुसऱ्याच दिवशी सिंहगड चढायचा बेतही करू नका. साधं चालणं-फिरणं चालू ठेवा.

स्टिरॉइडचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर तेही सांगा. त्यानं लवकर आराम पडतो, पण ते पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा आणि पट्टा फाटण्याचा धोका असतो.

चार वेळा करूनही फरक नाही?

कॅलेंडरवर रोज सकाळी पहिल्या पावलाला शून्य ते दहा असा आकडा लिहा. "जरा बरं वाटतंय" यावरून मला काही ठरवता येत नाही, सातचा पाच झाला यावरून येतं. चार वेळा नीडलिंग आणि महिनाभर नेमानं व्यायाम होऊनही आकडा हलला नसेल, तर पाचव्यांदा सुई मागू नका, पुन्हा तपासणी मागा. बऱ्याचदा कारण साधं निघतं : व्यायाम दोन्ही पायांवर एकदम होत असतो, पंचा बोटांऐवजी चवड्याखाली सरकलेला असतो, नाहीतर झिजलेली हवाई चप्पल अजून पायात असते. कधी मात्र निदानच चुकलेलं असतं.

आणि पळताना किंवा पायरी उतरताना तळपायात काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं, तळव्यावर काळंनिळं पडलं, किंवा झोपेतही टाच ठणकते, ताप येतो, तर त्या दिवशी सुईही नको आणि ताणही नको. पायावर भार न देता थेट ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा.